उशी, कपाट आणि कापूसकाका

जगात उशी नव्हती तोवर कुणालाच उशीर होत नव्हता, हे मला कळलं तेव्हा माझं तोंड उघडं होतं आणि त्यात दातांच्या डॉक्टरांचा चिमटा होता.

सांगणारा गृहस्थ माझ्या डाव्या हाताला उभा होता. अंगात पांढरा कोट, कोटाला शिल्लक राहिलेलं एकच बटण, हातात कापसाचा डबा. तो अगदी निवांतपणे सांगत होता. पूर्वी म्हणे माणसं डोक्याखाली हात घेऊन झोपायची. हाताला मुंग्या आल्या की उठायची, त्यामुळे सगळं गाव पहाटेच कामाला लागायचं. मग एका आळशानं पिशवीत कापूस भरला आणि ती डोक्याखाली घेतली. गाव उठलं, हा उठेना. दुपारी डोळे चोळत बाहेर आला, तेव्हा लोकांनी विचारलं, बाबा रे, एवढा वेळ होतास कुठं? त्यानं नुसतं पिशवीकडे बोट दाखवलं.

"म्हणून," गृहस्थ म्हणाला, आणि माझ्या जबड्यात काहीतरी करकरलं, "म्हणून आधी उशी आली आणि तिच्यापासून उशीर झाला."

मला हसू फुटलं. हसून झाल्यावर पाहिलं, तर माझी दाढ समोरच्या ताटलीत पडली होती. चिमट्याचा हिसका केव्हा बसला, मला पत्ताच लागला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी माझा प्रयोग होता. मी राणीचं काम करत असे. इंजेक्शननं अर्धा गाल बधीर झालेला, त्यामुळे राणी तिन्ही अंक तोंडाच्या एकाच बाजूनं बोलली. प्रेक्षकांना वाटलं, राणी आतून कपटी आहे. त्या प्रयोगाला मिळाल्या तेवढ्या टाळ्या मला त्या भूमिकेत पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. पण विंगेत उभी राहून मी विचार करत होते तो त्या कापसाच्या डब्यावाल्याचा. रंगमंचावर आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसऱ्याचं टायमिंग चटकन कळतं, आणि थोडं झोंबतंही.

पुढे नाटक कंपनी बंद पडली, गुडघे बोलू लागले आणि मी त्याच दवाखान्यासमोरच्या इमारतीत दोन खोल्यांत येऊन राहिले. तेव्हा त्या गृहस्थाची नीट ओळख झाली. त्यांना सगळे कापूसकाका म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, आणि ते तिथंच राहिलं. एकतीस वर्षं ते मोठ्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. हत्यारं उकळायची, कापसाचे बोळे करायचे, रडणाऱ्याचे डोळे पुसायचे आणि जिन्यापर्यंत येऊन परत पळणाऱ्याला गोड बोलून वर आणायचं, अशी त्यांची कामं. शब्दांचं काम कुणी दिलेलं नव्हतं. ते अंगावर आलं.

झालं असं की, नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक ट्रकचालक खुर्चीत बसला. माणूस दारात मावत नव्हता. पण चिमटा दिसताच त्यानं डॉक्टरांचं मनगट धरलं आणि सोडेना. डॉक्टरांचा हात पांढरा पडायला लागला. काका घाबरले आणि जे तोंडात आलं ते विचारून बसले, की खुर्चीला खुर्ची का म्हणतात ठाऊक आहे का. चालकानं खाली खुर्चीकडे पाहिलं. पकड सैल झाली. आता प्रश्न विचारला तर उत्तर देणं आलं, आणि उत्तर तर काकांकडे नव्हतं. मग बोलता बोलताच त्यांनी एक सुतार उभा केला, त्याला राजासाठी आसन करायला लावलं, आसनाच्या पायांना घोड्याच्या पायांसारखे खूर कोरायला लावले. राजानं विचारलं, ही वस्तू कसली? सुतार भीतीनं एवढंच बोलू शकला, की खुरांची आहे महाराज. "म्हणून," काका म्हणाले आणि डॉक्टरांनी दाढ उपटली.

त्या दिवसापासून तो दवाखान्याचा रिवाज झाला. दोघांनी त्याबद्दल कधी चर्चा केली नाही. काकांनी गोष्ट सुरू करायची, डॉक्टरांनी चिमटा बसवायचा, "म्हणून" आलं की हात फिरायचा आणि शब्दाचा जन्म दाढ ताटलीत पडल्यावर व्हायचा. लगेच तोंडात कापसाचा बोळा. तोंडात बोळा असलेला माणूस वाद घालत नाही, त्यामुळे एकतीस वर्षांत काकांचं एकही संशोधन कुणी खोडून काढलं नाही. काका स्वतः मात्र कधी फसले नव्हते. हे खरं आहे का, असं कुणी खाली जिन्यात गाठून विचारलंच, तर ते शांतपणे म्हणत, छे, साफ खोटं आहे, पण दाढ निघाली ना?

घरी त्यांची डाळ शिजत नसे. ते म्हणायचे, दवाखान्यात लोक तोंड उघडं ठेवून गप्प बसतात, घरी हा चमत्कार होत नाही. काकू तर पहिल्या वाक्यालाच पुढचं ओळखायच्या. एकदा काकूंचे भाऊ तीन आठवडे मुक्कामाला होते. काकांनी जेवताना सहज सांगितलं, की एका घरी एक माणूस आला आणि जाईना. नवरा-बायको रोज कुजबुजायचे, कधी जाणार हो हा? पाहू ना. जाईल का उद्या? पाहू ना. म्हणून तो झाला पाहुणा. मेहुण्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. काकूंनी चार दिवस अबोला धरला, पण त्यातले खरे दोनच होते, असं काकूंनीच मला नंतर सांगितलं.

मग मोठ्या डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. त्यांनी एके दिवशी चिमटा खाली ठेवला आणि दवाखाना मुलीकडे सोपवला. मुलगी हुशार, हात हलका, शिकून आलेली. बटणावर मागे झुकणारी खुर्ची आली, भिंतींना नवा रंग आला, प्रकाश असा की दातामागचा दातही दिसावा. लहानपणी हीच मुलगी काकांच्या डब्यातला कापूस बाहुलीच्या मिशांना वापरायची. पण आता ती डॉक्टरबाई होती आणि तिला दवाखान्यात शांतता हवी होती.

काकांनी आपला रिवाज चालूच ठेवला. पण ती कुठल्याही शब्दाला हिसका द्यायची. सुतार अजून जंगलात लाकूड शोधतोय आणि इकडे दाढ बाहेर. कधी दाढ निघाल्यावर पेशंट रडत असायचा आणि काका त्याला उरलेली गोष्ट सांगत असायचे. तिनं दोन-तीनदा नीट समजावलं, की आता इंजेक्शनं चांगली आलीत, लोकांना गुंगवून ठेवायची गरज नाही, आणि मुख्य म्हणजे डॉक्टरच्या खोलीत खोटी माहिती सांगणं तिला पटत नाही. शेवटी तिनं मुदत घातली. महिनाअखेरपर्यंत बघू. जमलं तर ठीक, नाहीतर एक प्रमाणपत्र घेतलेली मदतनीस मुलगी यायला तयार होती.

काका माझ्याकडे आले. माझ्या खिडकीजवळच्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ टोपणातून पेन काढत आणि घालत राहिले. पगाराचं काही नाही, मुलगा हाताशी आलाय, असं म्हणाले. मग म्हणाले, "पण ताई, मी बोलू कुठं?"

नाटक कंपनी बंद पडल्यावर मीही स्वतःला तेच विचारत होते. त्यामुळे मला फार दया आली, आणि दया आली की माझा शहाणपणा सुटतो. मी त्यांना शिकवायचं ठरवलं.

माझं निदान असं होतं, की गोष्टी उत्तम, पण सांगणं घाईचं. मोठ्या डॉक्टरांच्या हाताला ती घाई जुळायची, मुलीला जुळत नाही. तिचं लक्ष वेधायचं तर शेवटच्या शब्दाआधी थांबायला हवं. मी एका नाटकात पत्र हातात घेऊन, ते न वाचता, मनात पाचपर्यंत मोजत असे, आणि आठशे माणसं खुर्चीच्या कडेला येत. तो विराम मी काकांना दिला. "म्हणून" म्हणायचं, थांबायचं, एक, दोन, तीन, आणि मग शब्द सोडायचा. चार दिवस आम्ही तालीम केली. मी पेशंट व्हायचे आणि तोंड उघडं ठेवायचे. माणूस फार गुणी. विराम त्यांच्या अंगात इतका भिनला की घरीही ते "मीठ" म्हणून तीन अंक थांबायचे, मग "संपलंय." काकूंनी खिडकीतून ओरडून मला विचारलं, की तुम्ही माझ्या नवऱ्याला काय केलंत.

पाचव्या दिवशी खुर्चीत पोस्टमास्तर होते. काकांनी माझ्या आवडीची गोष्ट निवडली. दाढ आणि दाढी हे मुळात नवरा-बायको. एकाच तोंडात सुखानं नांदत होते. पण दाढ रात्रंदिवस कुरकुर करायची, दाढीला झोप नाही. शेवटी एके सकाळी दाढीनं सामान उचललं आणि बाहेर हनुवटीवर येऊन राहिली. डॉक्टरबाईंनी डाव्या हाताचं बोट आत घालून गाल बाजूला धरला होता आणि त्यांचा चिमटा दाढेवर बसतच होता.

"म्हणून," काका म्हणाले. आणि थांबले.

एक. दोन.

काकांनी नंतर मला शपथेवर सांगितलं, की खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मोठ्या डॉक्टरांच्या काळात पेशंटला विचार करायला वेळच मिळत नसे. इथं पोस्टमास्तरांना पूर्ण तीन अंकांचा वेळ मिळाला. नाट्यगृहात आठशे माणसं अशा वेळी श्वास रोखतात. पोस्टमास्तरांनी विचारलं, "म्हणून काय?" आता 'म' काढायचा तर तोंड मिटावं लागतं, आणि पोस्टमास्तरांची उरलेली बत्तीशी त्या गावात नावाजलेली होती.

दवाखाना चार दिवस बंद राहिला. डॉक्टरबाईंच्या बोटाला बँडेज होतं. पाचव्या दिवशी दवाखाना उघडला तेव्हा काकांची जागा बाहेर होती, टेबलाशी, नंबर पुकारायला. महिना संपला की तेही नाही. आयुष्यभर मध्यवर्ती भूमिका केलेल्या नटाला द्वारपालाचा भाला हातात द्यावा, तसे ते तिथं बसले होते. "नंबर सात" एवढंच म्हणायचे, आणि सातमध्ये गोष्ट ती काय असणार.

मी आत जाऊन कबुली दिली. विराम माझा, काकांनी फक्त तो घेतला, असं सांगितलं. डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. आमच्या नाटकांना ती लहानपणी येत असे, मला मावशी म्हणते. म्हणाली, "मावशी, चूक कुणाची हे मी विचारलंच नाही. बोट माझं आहे."

मी बाहेर आले.

महिना संपायला तीन दिवस राहिले असताना माझ्या एका दातातलं भरलेलं निघालं, म्हणून मी दवाखान्यात बसले होते. माझ्या आधी हेडबाईंचा नंबर होता. हेडबाई म्हणजे गावातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाला त्यांनी भाषा शिकवली होती, डॉक्टरबाईंनाही. रस्त्यावरच्या पाट्या वाचत चालायच्या आणि चूक दिसली की दुकानात शिरायच्या. त्या दिवशी त्यांचा उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता. याआधी त्या दोनदा येऊन, खुर्चीचं कापड निरखून, परत गेल्या होत्या.

त्यांनी दार लोटू दिलं नाही, त्यामुळे मला बाहेरून सगळं दिसत होतं. त्या ताठ बसल्या होत्या आणि ओठ असे मिटलेले होते, जणू शाळेची तिजोरी. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाई, तोंड उघडा. हेडबाईंनी मिटल्या दातांतून उत्तर दिलं, की मी विचार करतेय. डॉक्टरबाईंनी समजावलं, की सूज पसरतेय, आज दाढ काढायलाच हवी, उद्यावर टाकणं धोक्याचं आहे. हेडबाईंनी मान डोलावली. तोंड मात्र मिटलेलंच. वीस मिनिटं गेली. जिनं आपल्याला बाकावर उभं केलं होतं तिला आ कर म्हणून दरडावायचं कसं, हे कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नसावं. डॉक्टरबाईंच्या कपाळावर घाम आला होता. आणि मला एकाएकी दिसलं, की हेडबाईंचा एक पाय खुर्चीवरून उतरून दाराकडे वळलाय. ती करारी बाई लहान मुलासारखी घाबरली होती आणि हे कुणाला कळू नये म्हणून तिनं तोंड गच्च धरलं होतं.

काका टेबलाशी उभे होते. दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबलेले.

डॉक्टरबाई दारात आल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"काका, आत या," त्या म्हणाल्या. "पण थांबायचं नाही."

मला वाटलं, ते आता उशीची गोष्ट काढतील, ती कधी वाया जात नाही. पण काकांनी हेडबाईंकडे नीट पाहिलं, आणि एकतीस वर्षांचा अनुभव काय असतो ते मला त्या क्षणी कळलं. हसवायची गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली. हत्यारांच्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, बाई, कपाटाला कपाट का म्हणतात ठाऊक आहे का?

हेडबाईंच्या भुवया जवळ आल्या.

"एका घरात कप होते आठ," काका म्हणाले.

हेडबाईंच्या नाकातून एक आवाज आला.

काका पुढे निघाले. आठ कप ठेवायला नवऱ्यानं लाकडाचे खण केले. बायकोला त्याचं एवढं कौतुक की येईल त्या शेजारणीला सांगायची, आमच्याकडे कप आठ आहेत बरं का, कप आठ. नववा माणूस आला की त्याला भांड्यानं प्यावं लागे, पण कप आठच. हे सगळं काका अत्यंत गंभीरपणे, विद्वानासारखं सांगत होते. हेडबाई लाल होत गेल्या. आयुष्यभर ज्या अक्षरांची राखण केली त्यांच्यावर कुणीतरी डोळ्यांदेखत दरोडा घालत होतं.

"म्हणून कपाट," काकांनी न थांबता सांगून टाकलं.

"कपाट म्हणजे दार," हेडबाई गरजल्या. "मूळ अर्थ दार. आणि कप हा शब्द तर कालपरवा…"

'परवा'चा 'वा' मोठा होता. डॉक्टरबाईंनी त्यात रबरी ठोकळा बसवला.

त्यानंतर अर्धा तास हेडबाईंना फक्त स्वर उरले, व्यंजन एकही नाही. इंजेक्शन झालं, बधिरता चढेपर्यंत थांबायचं होतं, आणि काकांना रान मोकळं मिळालं. गडावर बडबड करणारी माणसं राहायची म्हणून गडबड. हेडबाईंचा आ. दाढ आणि दाढीचा काडीमोड. हेडबाईंचा लांबलेला ओ. मग किल्ली. एका राजाला आपल्या किल्ल्याचा फार गर्व. राणीला म्हणायचा, हे सगळं माझं, तुझं इथं काय आहे? एकदा राजा शिकारीहून परतला तर दरवाजा बंद. आतून राणीनं एक लहानशी वस्तू दाखवली. राजाकडे किल्ला होता, पण आत जायचं तर ती लहान वस्तू हवी, आणि ती राणीच्या कमरेला. "म्हणून," काका म्हणाले, आणि डॉक्टरबाईंचा हात फिरला. अगदी तिच्या वडिलांचा फिरायचा तसा. "म्हणून तिचं नाव किल्ली."

ताटलीत टक् असा आवाज झाला. खुर्चीत हेडबाईंना तो ऐकूही आला नाही, कारण त्या किल्लीला विरोध करत होत्या.

बोळा तोंडात गेल्यावर त्यांनी हवेत लिहिल्याची खूण केली. डॉक्टरबाईंनी कागद आणि पेन दिलं. हेडबाई बराच वेळ लिहीत होत्या. दोन ठिकाणी रेघ मारली. काका भिंतीला टेकून, नापास होणार हे माहीत असलेल्या मुलासारखे उभे. लिहून झाल्यावर हेडबाईंनी कागद डॉक्टरबाईंच्या हाती दिला, काकांकडे एकदा पाहिलं आणि पर्स काखेत धरून, ताठ मानेनं निघून गेल्या.

डॉक्टरबाईंनी तो आधी मनात वाचला, मग मोठ्यानं. लिहिलं होतं: "या गृहस्थांनी सांगितलेली सर्व माहिती साफ चुकीची आहे. सविस्तर खुलासा नंतर करीन. डावीकडची दाढही दुखते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती पुढच्या मंगळवारी काढावी. त्या वेळी हेच गृहस्थ हवेत." 'साफ' आणि 'हेच' यांच्याखाली रेघ होती.

डॉक्टरबाईंनी वहीत मंगळवार लिहिला. मग बोटावरच्या दातांच्या खुणेवरून अंगठा फिरवला. म्हणाल्या, ती प्रमाणपत्रवाली मुलगी येईल ती बाहेर नंबर पुकारेल. तिला सवय होईपर्यंत वही तुम्ही समजावून सांगा.

काका बेसिनपाशी जाऊन हात धुवायला लागले. ते हात फार वेळ धूत होते आणि पाठ आमच्याकडे होती, म्हणून डॉक्टरबाई उगाचच हत्यारं मोजत राहिल्या आणि मी भिंतीवरचं दातांचं चित्र वाचत राहिले.

मग माझा नंबर आला. मी खुर्चीत बसले, खुर्ची बटणावर मागे झुकली. काका कापसाचा डबा घेऊन डाव्या हाताला येऊन उभे राहिले. कोटाचं एकुलतं बटण त्यांनी लावलं.

"ताई," ते म्हणाले, "नाटकाला नाटक का म्हणतात, ठाऊक आहे का?"

मला ते चांगलं ठाऊक होतं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि तोंड उघडलं.